जळके ऑईल गाळून पुन्हा इंजिनात घालावे काय?



हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरचे आणि पंपाच्या इंजिनाचे ऑईल बदलायची वेळ येते. नट सोडला की काळेभोर तेल डब्यात पडते. ते पाहून कुणाच्याही मनात येते की, पैसे मोजून घेतलेली वस्तू, अजून बुळबुळीत आहे, फडक्यातून गाळली तर काय बिघडले? पुष्कळ जण असे करतात. मीही केले. जुन्या धोतराची चार पदरी घडी करून गाळले आणि तेच तेल पुन्हा इंजिनात ओतले. दोन हंगाम निभावले. तिसऱ्या हंगामात इंजिन खोलावे लागले. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या, बेअरिंगवर ओरखडे. वाचवलेले पैसे तर गेलेच, वर ऐन लागणीत पाणी बंद पडले.

त्याच सुमारास नात्यातला एक पेशंट घेऊन नागपूरला जाणे झाले. धंतोली म्हणजे दवाखान्यांचीच वस्ती. मुक्काम तिथेच भाच्याकडे होता. तो वर्कशॉपात कामाला आहे. त्याला सगळी हकीकत सांगितली, तर हसून म्हणाला, "मामा, रस गाळला म्हणजे साखर झाली काय?"

मी म्हटले, "अरे, पण आमच्या कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये टर्बाईनचे तेल साफ करून वर्षानुवर्षे वापरतात. डीपीचे तेलसुद्धा फिल्टर करतात. मग माझ्या इंजिनाचे का नाही?"

तेव्हा त्याने जे समजावले, ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

टर्बाईनचे तेल आणि इंजिनाचे तेल

टर्बाईनच्या किंवा डीपीच्या तेलाचा आगीशी संबंध येत नाही. त्यात शिरते ते मुख्यतः पाणी आणि कचरा. साखर आणि मळी वेगळी करणारे सेंट्रिफ्युगल आपण पाहिले आहे. त्याच तत्त्वावरच्या यंत्राने टर्बाईनच्या तेलातले पाणी आणि गाळ वेगळा काढता येतो. शिवाय तेलाची तपासणी होते, आणि तपासणीत नापास झालेले तेल बदलले जाते.

इंजिनाचे तेल जळणाऱ्या डिझेलच्या शेजारी काम करते. त्यात काजळी येते, न जळलेले डिझेल उतरते, पाण्याची वाफ येते, गंधकाच्या धुरापासून आम्ल तयार होते, धातूचा कीस येतो. कंपनीने नव्या तेलात औषधे घातलेली असतात. एक औषध काजळी सुटी ठेवते, एक आम्ल मारते, एक धातूवर पातळ थर धरून झीज थांबवते. काम करता करता ही औषधे खर्च होतात.

फडके काय अडवते?

माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. काजळीचा कण एक मायक्रॉनहूनही बारीक. फडके, कापूस किंवा गाळणकागद वाळू, किसाचे मोठे तुकडे, चिंध्या अडवील. डबा महिनाभर स्थिर ठेवला तर पाणी आणि जड गाळ तळाशी बसेल. पण काजळी बरीचशी तशीच राहते, आम्ल राहते, डिझेल राहते, आणि खर्च झालेले औषध तर परत येतच नाही. शिळा रस कितीही गाळला तरी त्याचा आंबटपणा जातो का? तसेच हे.

एक गोष्ट मात्र खरी की, मूळ तेल फारसे मरत नाही. म्हणूनच त्याचे शुद्धीकरण होऊ शकते. पण ते कारखान्याचे काम आहे. आधी पाणी आणि डिझेल उडवायचे, मग निर्वात भांड्यात तेलाची वाफ करून ती थंड करायची, मग रंग व वास काढायचा आणि शेवटी नवी औषधे घालायची. रसाला चुना, गंधकाचा धूर, उष्णता आणि बाष्पीभवन लागते, तितकाच हा व्याप आहे. घरी चुलीवर हा खटाटोप करू नये. तेलात पाणी असेल तर ते फसफसून अंगावर उडते, आणि डिझेल-पेट्रोलची वाफ पेट घेते. ॲसिड घालून रंग उडवण्याच्या तर वाटेलाही जाऊ नये. रंग उजळला म्हणजे तेल सुधारले असे नव्हे.

मग बचत कशात आहे?

1. एअर क्लीनर वेळच्या वेळी साफ करा. उसाच्या फडातली धूळ इंजिनात गेली तर तेल लवकर बिघडते.
2. तेल बदलताना फिल्टरही बदला. नवे तेल आणि जुना फिल्टर ही खोटी काटकसर आहे.
3. तेल किती तासांनी बदलायचे ते इंजिनाच्या पुस्तकात पाहा. इंजिन गरम असताना तेल सोडा, म्हणजे गाळही निघतो.
4. काडीला लागलेले तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजा. डिझेलचा वास आला आणि तेलाची पातळी वाढली तर पंप किंवा नोझल दाखवा. तेल नुसते काळे झाले म्हणून घाबरू नका. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.
5. तेल खात्रीच्या दुकानातूनच घ्या, आणि रिकामा डबा भोक पाडून मगच भंगारात द्या. नाहीतर त्यातच कुणी रंग उडवलेले तेल भरून आपल्यालाच विकेल.

जळक्या तेलाचे काय करावे?

फाळाला गंज चढू नये म्हणून हात फिरवावा, गेटच्या बिजागरीला थेंब द्यावा, इतपत ठीक. त्यालाही थोडेच लागते. जनावराच्या खरजेवर मात्र लावू नका. जनावर अंग चाटते आणि ते तेल पोटात जाते. गुऱ्हाळाच्या चुलीत जाळू नका. हाताला लागले तर साबणाने धुवा आणि तेलकट कपडे अंगावर ठेवू नका. असे तेल वरचेवर लावल्याने उंदरांच्या कातडीवर कर्करोगाच्या गाठी आल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

आणि ओढ्यात किंवा विहिरीजवळ तर मुळीच ओतू नका. भाच्याने एवढ्यावरून मला धंतोलीलगत पंचशील चौकापाशी नाग नदी दाखवली. म्हणाला, "मामा, इथं गटारात गेलेलं तेल नाग नदीतून कन्हानला जाते, कन्हानमधून वैनगंगेला, आन् पुढं गोसीखुर्दच्या धरणात. तेच पाणी मंग कास्तकाराच्या वावरात येते."

वापरलेले तेल परत गोळा करून त्याचे शुद्धीकरण करवून घेण्याची जबाबदारी केंद्र सरकारने 2023 साली नियम करून तेल उत्पादकांवर टाकली. 1 एप्रिल 2024 पासून ते नियम लागू आहेत. तेव्हा तेल देताना घेणारा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेला आहे का, हे जरूर विचारावे. एकट्याच्या सहा-सात लिटरसाठी कुणी येणार नाही. पण गावातल्या आठ-दहा सभासदांनी मिळून झाकणाचे एक पिंप सावलीत ठेवले, त्यात पाणी, पेट्रोल, फवारणीचे औषध मिसळू दिले नाही, तर न्यायला माणूस येतो आणि चार पैसेही मिळतात. ऊस जसा आपण सर्वांनी मिळून गाळला, तसेच हेही मिळूनच करण्यासारखे आहे.