खोबरेल तेल केसांत खरंच मुरतं का?

 

मागच्या आठवड्यात एका मित्राची व्हॉइस नोट आली. "दादा, केस जाम गळतायत. रोज रात्री खोबरेल चोपडतोय. थांबेल ना?" ती ऐकून मला माझा चोवीसाव्या वर्षीचा आरसाच दिसला. म्हणून आजचा भाग खोबरेलावर.

आधी केस म्हणजे काय ते बघू. केसाच्या बाहेर खवल्यांचा थर असतो, कोकणातल्या घरावर कौलं असतात ना, तसा एकावर एक रचलेला. आत केराटिन नावाचं प्रोटीन. केस भिजला की पाणी आत शिरतं, केस फुगतो, कौलं उचलली जातात. वाळला की परत आकसतो. हे वारंवार झालं, वरून कंगवा ओढला, की कौलं तुटतात आणि आतलं प्रोटीन धुऊन जायला लागतं.

आता खोबरेल यात काय करतं? त्यातलं जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं. त्याचा रेणू छोटा आणि सरळ, आणि प्रोटीनशी त्याचं चांगलं जमतं. त्यामुळे हे तेल केसाच्या आत शिरतं. 2003 साली मुंबईतल्या मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली. प्रोटीनची गळती फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झाली, धुण्याआधी लावा किंवा नंतर. बाकी दोन्ही तेलं वरवरच राहिली. आता मॅरिको म्हणजे पॅराशूट विकणारी कंपनी, हे डोक्यात ठेवूनच वाचायचं. पण कारण पटण्यासारखं आहे. आणि रविवारी न्हायच्या आधी आजी डोकं धरून बसवायची, ते उगाच नव्हतं, बरं का.

पण इथेच माझी गल्लत झाली. तेल वाचवतं ते बाहेर दिसणाऱ्या केसाला, आणि तो भाग मेलेला असतो. जिवंत कारखाना टाळूच्या आत, मुळाशी. केस *तुटणं* आणि केस *गळणं* हे दोन वेगळे बग आहेत, आणि मी दीड वर्ष चुकीच्या फाइलमध्ये फिक्स शोधत होतो! कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकत होते, बाबांचे सरकले अगदी तसेच. मी मात्र तेलाची मात्रा वाढवत गेलो. वर टाळूवर पिवळट, तेलकट पपुद्रे यायला लागले. मला वाटलं टाळू कोरडी पडली. आणखी तेल!

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, हा कोंडा कोरडेपणाचा नाहीच. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि ती तेलातल्या फॅटी ॲसिडवर जगते. म्हणजे मी रोज रात्री तिला डबा पोचवत होतो. त्यांनी केटोकोनॅझोलचा शाम्पू दिला, कोंडा आटोक्यात आला. आनुवंशिक गळतीचं औषध वेगळं सुरू झालं, पण त्यात असं असतं की आहेत ते केस टिकवणं सोपं, गेलेले परत आणणं अवघड. ते दीड वर्ष मला अजून सलतं. त्यामुळे कोपरे मागे सरकत असतील, नाण्याएवढी चकती पडली असेल किंवा झुपके हातात येत असतील, तर तेलाची वाट बघत बसू नका.

त्वचेचं थोडक्यात. थंडीत कोरड्या हातापायांना लावा, छान. पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्यावर नको, छिद्रं बुजतात. भाजलेल्या जागी तर अजिबात नको, तिथे आधी नळाचं वाहतं पाणी.

आणि ते "उपाशीपोटी दोन चमचे" वालं व्हॉट्सॲप? खोबरेलात 80-90 टक्के सॅच्युरेटेड फॅट असतं, त्याने एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 साली ते टाळायचा सल्ला दिलाय. माशाच्या कालवणात घातलेलं ठीक, औषध म्हणून पिणं नाही. माझ्या काकांनी सुरू केलं होतं, त्यांना हे सगळं समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

एक गंमत. खोबरेलाच्या छोट्या बाटल्या खाद्यतेल की हेअर ऑइल, यावर करापायी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निव्वळ बाटली लहान आहे म्हणून ते केसांचं तेल ठरत नाही. तुमच्या घरच्या बाटलीवर बघा बरं काय लिहिलंय.

मी आता काय करतो? शनिवारी रात्री नाही, रविवारी अंघोळीआधी तासभर, चमचाभर तेल, तेही टाळूला नाही, केसांच्या लांबीला. पुण्याच्या थंडीत ते गोठतं, कारण साधारण 24 अंशांखाली ते घट्टच होतं. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, झालं. आणि गोठलं म्हणजे शुद्धच, असंही नाही हं, पाम कर्नेल तेलसुद्धा गोठतं.

तुमच्या घरच्या तेलाचे किस्से व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात एरंडेल घेऊ, भुवयांवाल्यांनी फार मागे लागून मागितलंय.