नव्या टाकीतील ॲक्सोलॉटलचा उपवास

मेक्सिकोतील शोचिमिल्को सरोवराचा मूळ रहिवासी असलेला ॲक्सोलॉटल हा उभयचर प्राणी नव्या टाकीत आल्यावर पुष्कळदा काही दिवस अन्नास शिवत नाही. प्रौढ, सुदृढ प्राण्याचा हा उपवास लगेच चिंताजनक नव्हे. पिल्लांना मात्र एवढी उसंत नसते. खरा धोका पाण्यात असतो. टाकी कितीही स्वच्छ दिसली तरी अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू तीत रुजण्यास काही आठवडे लागतात. तोवर प्रत्यही थोडे पाणी काढून क्लोरिनरहित पाणी घालणे अगत्याचे. तपमान १६ ते १८ अंश सेंटिग्रेड असावे. या प्राण्यास पापण्या नसल्याने मंद प्रकाश व आडोसा हवाच. मग सायंकाळी चिमट्याने गांडुळाचा तुकडा मुखापुढे हळूच हलवावा. दृष्टी अधू असल्याने गंध व हालचाल यांवरून तो भक्ष्य ओळखतो. नाकारलेला तुकडा तत्काळ काढावा. तो कुजला की अमोनिया पुन्हा वाढतो.