आठशे मीटरवरची वीतभर चूक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिनेमातला नेमबाज दुर्बिणीची फुली लक्ष्यावर टेकवतो, श्वास रोखतो, घोडा दाबतो आणि अर्ध्या मैलावरचा माणूस कोसळतो. पायदळात वीस-बावीस वर्षे नेमबाजी शिकवली, पण असे दृश्य आले की अजूनही मला हसू आवरत नाही. कारण गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. १०० मीटरवर नेम जुळवलेली ७.६२ मिलिमीटरची रायफल तशीच ठेवून ८०० मीटरवर झाडली, तर गोळी नेमाच्या रेषेपासून सुमारे सात मीटर खाली जाते. म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवर नेम धरावा आणि गोळी पायरीवर लागावी!

म्हणून दुर्बिणीवर एक चकती असते. ती फिरवली की ‘टक’ असा आवाज होतो, त्याला आम्ही क्लिक म्हणतो. आमच्या दुर्बिणीत एका क्लिकला १०० मीटरवर एक सेंटिमीटरचा आणि ८०० मीटरवर आठ सेंटिमीटरचा फरक पडे. कुठल्या अंतरावर किती क्लिक, एवढे ठाऊक असले की काम झाले. पण ते ठरवायचे कसे?

गुरुत्वाकर्षणाचा हिशेब शाळकरी पोरही करेल. अडचण आहे ती हवेची. आमची अकरा-साडेअकरा ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला ७९० मीटर वेगाने निघे आणि दीड सेकंदात ८०० मीटरवर पोहोचेपर्यंत निम्मा वेग हवेतच गमावून बसे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये टांगत्या लाकडी लंबकावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला, तेव्हा हवेचा हा विरोध किती प्रचंड असतो ते लोकांना कळले. तोफांचे तक्ते करण्याचे काम इतके किचकट, की अमेरिकेतला एनिअॅक हा जगातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक मुळात त्यासाठीच बांधायला घेतला होता. तो एका मोठ्या दालनात मावत होता. आज तेच गणित खिशातला फोन करतो.

आमच्याकडे असा प्रोग्राम पहिल्यांदा आला तो हातात मावणाऱ्या छोट्या संगणकावर. त्याला गोळीचे वजन, नळीच्या तोंडाशी तिचा वेग, ती हवा कितपत कापते ते सांगणारा अंक, दुर्बीण नळीच्या किती वर आहे, हवेचे तापमान आणि दाब, एवढे सांगायचे. मग अंतर घातले की तो क्लिक सांगे. मी हरखून गेलो होतो.

आमची रेंज दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर होती. वेग आम्ही क्रोनोग्राफवर मोजून घेतला, ७९० भरला. हवेचा दाब मी सकाळच्या हवामानाच्या बातमीतून घेतला, १०१०. प्रोग्राम म्हणाला, ८०० मीटरला ८९ क्लिक. गोळ्या वीतभर वर लागल्या. पुन्हा झाडल्या, पुन्हा वर. खरी गरज होती ८६ क्लिकची.

आता इथे मी जे केले ते बहुतेक जण करतात. क्रोनोग्राफच चुकला असेल असे धरून मी प्रोग्राममधला वेग हळूहळू वाढवत नेला. ८०२ ला उत्तर बरोबर ८६ आले. ४०० मीटरवर झाडून पाहिले, तिथेही जमले. संगणक आणि रायफल यांचे लग्न लावून दिल्याच्या समाधानात मी चहा प्यायलो.

काही आठवड्यांनी आम्ही समुद्राजवळच्या एका रेंजवर गेलो. तीच रायफल, तीच काडतुसे. आमच्यातला सर्वांत चांगला नेमबाज, सातारा जिल्ह्यातला एक तरुण नाईक, ८०० मीटरवर आडवा झाला. प्रोग्रामने सांगितलेले ८६ क्लिक लावले. पाचही गोळ्या वीतभर खाली, पण एकमेकींना चिकटून. खरे तर त्या चिकटून आहेत, हेच मला खटकायला हवे होते. घोडा ओढणाऱ्याच्या गोळ्या अशा एका जागी बसत नाहीत, विखुरतात. पण माझा विश्वास आकड्यावर होता. मी त्याला सगळ्यांसमोर झापले आणि त्याच्या वहीत लाल शाईने शेरा लिहिला, ‘घोडा ओढतो. सुधारणा हवी.’ पुढच्या निवडीत हा शेरा त्याला नडला असता.

तो उलट बोलला नाही. रात्री वही घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, एक विचारू? आपण डोंगरावरनं खाली आलो, मग हवेचा दाब दोन्हीकडे एकच कसा?”

मी वही पाहिली. तिकडे १०१०, इकडेही १०१०. तापमानही जवळपास तेच. दोन्हीकडे तेच आकडे घातले, म्हणून उत्तरही तेच ८६ आले!

बातम्यांत जो दाब सांगतात, तो त्या गावातला प्रत्यक्ष दाब नसतो. डोंगरावरच्या आणि किनाऱ्यावरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामानवाले तो हिशेबाने समुद्रसपाटीवर आणून सांगतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण गोळीला तुलना करायची नसते, तिला समोरची हवा कापायची असते. पठारावर प्रत्यक्ष दाब होता ९५० च्या आसपास. हवा विरळ, म्हणून गोळ्या वर. ते पाप मी वेगाच्या माथी मारले. खाली किनाऱ्यावर १०१० हा आकडा खरा ठरला, पण वाढवलेला वेग तसाच राहिला, म्हणून गोळ्या खाली. क्रोनोग्राफ बिचारा पहिल्यापासून खरे सांगत होता. आणि ४०० मीटरवर तरी कसे जमले? तिथे या घोळाचा फरक दोन-तीन सेंटिमीटरचा, गोळ्यांच्या नेहमीच्या विखुरण्यातच तो दडून गेला.

त्यानंतर मी शिकवताना क्रम बदलला. आधी दुर्बीण तपासायची. १०० मीटर टेपने मोजायचे, उंच फळीवर ओळंबा धरून उभी रेघ मारायची, १०० क्लिक चढवून गोळी बरोबर एक मीटर वर जाते का पाहायचे. कित्येक दुर्बिणी इथेच उघड्या पडतात, दोन सेंटिमीटरची खोट निघाली तरी ८०० वर ती चौदा-पंधरा होते. मग अंतर आणि रेंजवर स्वतः मोजलेला दाब. काडतुसे उन्हात पडली होती की सावलीत, हेही पाहायचे, कारण तापलेली दारू गोळीला जास्त वेग देते. एवढे करूनही फरक उरला तरच प्रोग्रामला हात लावायचा. तोही ६०० मीटरच्या आसपास, गोळी आवाजाच्या वेगाच्या बरीच पुढे असताना. तिथे वेग जुळवायचा. नंतर ८०० आणि त्यापुढे, आवाजाच्या वेगाजवळ येताना हवेचा विरोध झपाट्याने बदलतो, तिथला फरक हवा कापण्याच्या अंकात घालायचा. दोन्ही एकदम हलवले, की कुठलेही खोटे खऱ्यासारखे दिसू लागते. आणि जुळवलेला प्रोग्राम वेगळ्या उंचीवर नेऊन पाहिल्याशिवाय त्याला पास करायचे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेग परत ७९० केला. प्रोग्रामने ८९ सांगितले. नाईक आडवा झाला, पाच गोळ्या झाडल्या. बटमधल्या पोराने पाच वेळा पाटी मध्यावर टेकवली. मी सगळ्यांना जवळ बोलावले, त्याची वही मागितली, लाल शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले, ‘दाबाचा आकडा चुकीचा. चूक शिकवणाऱ्याची.’ सही केली. त्याने वही घेतली, सॅल्यूट ठोकला आणि विचारले, “साहेब, आता हजारला जाऊ?”