येरवड्याचे कॉलेज आणि नगरची पांढर

पारनेर तालुक्यातल्या सुप्याहून पुण्याला निघालेली एसटी शिरूर, शिक्रापूर, वाघोली करत येरवड्याला पोचते. तिथेच, मुख्य रस्त्यापासून जरा आत, डेक्कन कॉलेज आहे. (नावावर जाऊन डेक्कन जिमखान्याला उतरू नये, नदी पुन्हा ओलांडावी लागते.) पेशवाई बुडाल्यावर दक्षिणा फंडाच्या पैशातून इंग्रजांनी ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिचे १८५१ मध्ये पूना कॉलेज झाले आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या लाखाच्या देणगीतून येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथे गेले.

कीलहॉर्न आणि रा. गो. भांडारकर इथे संस्कृत शिकवत. कवी वर्डस्वर्थचा नातू प्राचार्य होता. टिळक, आगरकर, विष्णुशास्त्री चिपळूणकर, इतिहासाचार्य राजवाडे हे सगळे इथलेच विद्यार्थी. सुप्याच्या माणसाला मात्र या यादीत आणखी एक नाव घालावेसे वाटणार. ते म्हणजे पांडुरंग महादेव बापट. पारनेरला १८८० मध्ये जन्मलेला हा मुलगा डेक्कन कॉलेजात शिकला, शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये एडिंबरोला गेला आणि परतला तो बाँबची विद्या घेऊन. पुढे मुळशी धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाने त्यांना ‘सेनापती’ केले.

कॉलेजची कथा बहुतेक जण टिळक-आगरकरांपाशीच थांबवतात. मला तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. सरकारने १९३४ मध्ये कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी जीजीभाईंच्या देणगीचा आधार घेऊन भांडले आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पुन्हा उघडले, पण आता पदवीचे वर्ग नव्हते, नुसते संशोधन. भाषाशास्त्रज्ञ सुमित्र कत्रे, समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे, पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया ही माणसे आली. कत्र्यांनी १९४८ मध्ये संस्कृतचा महाकोश हाती घेतला. त्याचा पहिला खंड यायला १९७६ उजाडले आणि पुढे कित्येक खंड निघूनही कोश ‘अ’च्या बाहेर पडेना. घाई हा या संस्थेचा गुण नव्हेच.

सांकलियांची नजर मात्र नगर जिल्ह्यावर होती. गावाबाहेरच्या टेकाडाला आपण पांढर म्हणतो आणि तिची माती गाडीत भरून शेतात नेतो. त्याच पांढरीत त्यांना इतिहास दिसला. प्रवरेकाठी संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खणले. तांबड्या खापरावर काळ्या रेघा आणि तोटीची भांडी निघाली, आणि महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांची संस्कृती या खेड्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मग १९५४ ते ५६ नेवासे. ज्ञानेश्वरीच्या गावाखाली सातवाहनकालीन वस्ती होती, तिच्याखाली ताम्रपाषाणयुगातली, आणि नदीच्या गोट्यांत अश्मयुगातली हत्यारे. गुडरून कॉर्विनस या जर्मन बाईंनी पुढे तिथल्याच चिरकीला अश्मयुगाचे आणखी जुने थर उलगडले.

सगळ्यांत मोठे काम मात्र घोड नदीकाठच्या इनामगावचे. ते शिरूर तालुक्यात, म्हणजे आमच्या हद्दीला लागूनच. १९६८ पासून दीड दशकभर सांकलिया आणि त्यांचे सहकारी अन्सारी व ढवळीकर तिथे खणत होते. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. मेलेले मूल दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे, अशी तिथली रीत. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालची पावले तोडलेली असत. त्याने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा संशोधकांचा तर्क.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास तिथली ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, गुरे-मेंढ्या आणि शिकारीवर भर आला. पाऊस कमी झाला असे ढवळीकरांनी त्याचे कारण दिले. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही, पण पर्जन्यछायेत मेंढ्या राखणाऱ्या आमच्या तालुक्यात त्याला विरोध व्हायचा नाही. या उत्खननाचा अहवाल १९८८ मध्ये छापून आला. इनामगावची भांडी कॉलेजच्या संग्रहालयात मांडली आहेत.