पिलम नव्हे, भाला : रोमच्या परक्या सैनिकांचं हत्यार

मागच्या वेळी आपण रोमच्या लीजनबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की सिनेमात सगळे रोमन सैनिक एकसारखे दिसतात, तसे ते खरंच होते का? नव्हते. आज त्याचंच उत्तर एका हत्याराच्या आधाराने देतो.

सम्राटांच्या काळात रोमचं जवळजवळ निम्मं सैन्य रोमन नागरिकांचं नव्हतंच. गॉल, बटाव्हियन, थ्रेसियन, सीरियन अशा जिंकलेल्या मुलखांतल्या लोकांच्या तुकड्या असत. त्यांना म्हणत ऑक्झिलिया, म्हणजे साहाय्यक सैन्य. क्लॉडियस सम्राटाच्या काळापासून पद्धत बसत गेली, की २५ वर्षं चाकरी केली की नागरिकत्व मिळायचं.

आता हत्याराकडे येऊ. लीजनच्या सैनिकाकडे पिलम असायचं. लाकडी दांडा, पुढे लांब बारीक लोखंडी सळई आणि टोकाला लहानसं पातं. फेकलं की शत्रूची ढाल फोडून आत घुसायचं, सळई वाकली तर ढालच निकामी व्हायची. एकदा फेकलं की त्याचं काम संपलं. मग सैनिक तलवार उपसायचा.

ऑक्झिलियाच्या हातात साधारणपणे पिलम नसे. त्याचं हत्यार हास्ता, म्हणजे भोसकायचा भाला. किंवा लांकेआ, जरा हलका, फेकताही येणारा. आपल्याकडे भाला आणि बरची असे दोन शब्द आहेत ना, तसंच काहीसं. ब्रिटनमध्ये कॅरॅटॅकसशी झालेल्या लढाईचं वर्णन करताना टॅसिटस हाच फरक सांगतो. ब्रिटन लोक एका बाजूला वळले तर लीजनच्या तलवारी आणि पिलम, दुसऱ्या बाजूला वळले तर ऑक्झिलियाच्या लांब तलवारी आणि हास्ता. मधे ते सापडले.

पण शब्दांवर फार विसंबू नका. हास्ता कुठे संपतो आणि लांकेआ कुठे सुरू होतो, हे लॅटिन लेखक काटेकोरपणे सांगत नाहीत. उत्खननात भाल्यांची पाती लहान-मोठी, रुंद-अरुंद, सगळ्या तऱ्हेची मिळतात. दांडे लाकडाचे, ते बहुतेक कुजून गेले. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर (इ. स. ११३) ऑक्झिलियाचे कितीतरी सैनिक कोरलेले आहेत, हात उगारलेला, मूठ आवळलेली, आणि मुठीत काहीच नाही! भाले वेगळे धातूचे बसवलेले किंवा नुसते रंगवलेले असावेत. ते गेले, मुठी राहिल्या.

मग पुरावा कुठला? थडग्याचे दगड. जर्मनीत ऱ्हाइनकाठी बिंगेनजवळ अन्नायस दावेर्झस नावाच्या सैनिकाचा दगड मिळाला. दाल्मेशियन लोकांच्या चौथ्या तुकडीतला हा पायदळाचा माणूस. १५ वर्षं सेवा, मरताना वय ३६. त्याच्या हातात भाले किती? दोन.

दोनच का, याचा विचार करा. एकच भाला असेल तर तो फेकायचा धीर होत नाही. फेकला तर समोरचा अंगावर येईपर्यंत हातात लांब पल्ल्याचं काही उरत नाही. दोन असले की एक दुरून फेकता येतो आणि दुसरा धरून उभं राहता येतं. म्हणजे हा माणूस गरजेप्रमाणे दोन्ही तऱ्हांनी लढू शकत होता.

घोडेस्वारांचंही तसंच. जोसेफस हा यहुदी इतिहासकार रोमन स्वारांना प्रत्यक्ष पाहिलेला. तो लिहितो, की स्वाराच्या हातात लांब भाला असतो, शिवाय भात्यात रुंद पात्याचे तीन किंवा जास्त फेकभाले. धावत्या घोड्यावरून, तेही रिकिबीशिवाय, नेम धरणं हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम. इ. स. १२८ मध्ये हेड्रियन सम्राट आफ्रिकेत लाम्बेसिसला, म्हणजे आजच्या अल्जीरियात, सैन्याची कवायत बघायला गेला. त्याचं भाषण दगडावर कोरलेलं सापडलं आहे. त्यात तो स्वारांच्या भालाफेकीचे गुण-दोष सांगतो. सम्राट स्वतः भालाफेक तपासतोय, यावरून तिचं महत्त्व कळतं.

शेवटी माझा सगळ्यात आवडता पुरावा. उत्तर इंग्लंडमध्ये कार्लाइलला रोमन ठाण्याच्या जागी शाईने लिहिलेली लाकडाची एक पातळ पाटी मिळाली. दोचिलिस नावाचा अधिकारी आपल्या वरिष्ठाला, ऑगुरिनसला, कळवतो : तुमच्या हुकमाप्रमाणे ज्यांच्याकडे लढाईचे भाले नाहीत, ज्यांच्याकडे लहान भाले नाहीत, ज्यांच्याकडे नेमून दिलेल्या तलवारी नाहीत, त्या स्वारांची नावं खाली देत आहे.

बघा, लढाईचा भाला वेगळा, लहान भाला वेगळा, आणि दोन्हींची मोजदाद. भाले हरवले, मोडले, की आणखी काही झालं, ते पाटी सांगत नाही. पण भाल्याविना स्वार सरहद्दीवर ठेवून चालणार नाही, हे वरिष्ठाला पक्कं ठाऊक होतं. रोमची सीमा ज्यांनी राखली त्यांतले कितीतरी जण रोमन नव्हते. आणि ती राखली जाते की नाही हे या यादीतल्या साध्या भाल्यांवर ठरत होतं.

आता प्रश्न असतील तर विचारा.