वल्हांडण : यहुदी घरात आणि चर्चमध्ये

वल्हांडणाच्या आदल्या रात्री यहुदी घरात दिवे मालवून मेणबत्तीच्या उजेडात खमिराचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या पदार्थांचा, शोध घेतात. पिसाने चुरा लाकडी चमच्यात गोळा करायचा आणि सकाळी जाळायचा. घर तर आधीच लख्ख झालेले असते, म्हणून बऱ्याच कुटुंबांत पावाचे दहा तुकडे मुद्दाम लपवून ठेवतात! बेखमीर भाकरीच्या पिठालाही पाणी लागल्यापासून 18 मिनिटांचीच मुभा. इस्राएली लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून निघताना पीठ फुगायलाही सवड नव्हती, त्याची ही आठवण.

सेदर म्हणजे वल्हांडणाचे विधिपूर्वक जेवण. त्यात इजिप्तवर आलेल्या दहा पीडांची नावे घेताना प्रत्येकी एक थेंब द्राक्षारस पेल्यातून काढतात. छळ करणारे असले तरी माणसेच मेली, तेवढा आपला आनंद उणा, असा त्याचा प्रचलित अर्थ. मला या सणातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

ख्रिस्ती श्रद्धेत रोख बदलतो. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताला वल्हांडणाचे कोकरू म्हटले आणि दुष्टपणाला खमीर. इजिप्तमध्ये इस्राएलींनी दाराच्या चौकटीवर लावलेल्या कोकराच्या रक्तात ख्रिस्ती वाचक क्रूस पाहतो. मात्र आजचा सेदर बराचसा इ. स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यानंतर घडला. येशूचे शेवटचे भोजन असेच होते असे समजून चर्चमध्ये तो मांडणे बरे नव्हे. यहुदी घरचे बोलावणे आले तर पाहुणे म्हणून जरूर जावे. विधी मराठीतून समजून घेण्याची सोयही जुनी आहे: कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांसाठी 1874 मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे सेदरची विधिपुस्तिका, छापली गेली. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी तयार करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत.