तळहातावरील एरियल : लवचीक सर्किटपट्टी आणि फेराइट

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांतील शाळांत येणाऱ्या पुष्कळ मुलांचे पालक कारखान्यांत पाळीवर जातात. घर आणि कारखाना यांना जोडणारा धागा म्हणजे भ्रमणध्वनी. मुलांनी तो हाताळलेला असतो, पालकांपैकी काहींच्या हातांनी तशाच यंत्रांचे भाग रोज जुळविले जात असतात. अशा वर्गात विज्ञानाच्या तासाला एखादा मुलगा विचारतो, “आजोबांच्या रेडिओला छपरावर तार बांधावी लागे. मग मोबाइलची तार कोठे आहे?”

प्रश्न साधा दिसला तरी तो टाळण्याजोगा नाही. जे मूल अशा प्रश्नाचे उत्तर न मिळता परतते, ते हळूहळू असे मानू लागते की यंत्रे वापरणे एवढेच आपले काम, ती समजणे हे दुसऱ्या कोणाचे. प्राथमिक शाळेने ही समजूत मुळातच खुडून टाकली पाहिजे. सातवीपर्यंतच्या विज्ञानाच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर बरेचसे देता येते. ते कसे, हे पुढे सांगितले आहे.

तारेची लांबी व लहरीची लांबी

एरियल किंवा अँटेना म्हणजे विद्युतप्रवाह आणि आकाशातील विद्युतचुंबकीय लहर यांच्यामधला दुभाषी होय. प्रक्षेपकाच्या तारेतील प्रवाह वेगाने पुढेमागे डोलतो, त्यातून लहर निघते. ती लहर दूरच्या तारेवर आदळली म्हणजे तेथे तसाच, पण अतिशय क्षीण प्रवाह डोलू लागतो. अशा लहरी प्रयोगाने प्रथम दाखविण्याचे श्रेय हाइनरिख हर्ट्झ यांना जाते (१८८७-८८). आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अशा लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले. पुढे त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर संशोधन केले.

तार लहरीच्या लांबीच्या सुमारे पाव पट असली तर ती त्या लहरीला उत्तम प्रतिसाद देते. झोपाळ्याला त्याच्या लयीत झोका दिला म्हणजे थोड्या जोराने तो उंच जातो, तसाच हा प्रकार आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर आहे. त्याला कंप्रतेने भागले की लहरीची लांबी मिळते. हे गणित सहावी-सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे.

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याचे मध्यम लहरींवरील कार्यक्रम श्रोत्यांनी ७९२ किलोहर्ट्झवर ऐकले. त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर, म्हणजे पाव लांबी जवळजवळ ९५ मीटर. एवढी तार कोणाच्या घरी असणार? म्हणून छपरावर जमेल तेवढी तार बांधीत. भ्रमणध्वनीच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर आहे व तिची पाव लांबी सव्वाआठ सेंटिमीटर. १८०० मेगाहर्ट्झला सव्वाचार सेंटिमीटर पुरतात आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला तीन सेंटिमीटरांहून थोडे अधिक. या मापांचे दोरे कापून मुलांच्या हाती द्यावेत. ‘तार गेली कोठे?’ याचे निम्मे उत्तर त्यातच आहे : तार नाहीशी झाली नाही, लहर आखूड झाली म्हणून तार खिशात मावली.

वाकणारी सर्किटपट्टी

उरलेले निम्मे उत्तर कारागिरीचे आहे. आजच्या फोनमध्ये संभाषणासाठी, वायफायसाठी, उपग्रहांवरून स्थान ओळखण्यासाठी आणि जवळच्या यंत्राशी बोलण्यासाठी अशा अनेक अँटेना असतात. आतली बहुतेक जागा बॅटरी व पडदा यांनी व्यापलेली असते आणि हे दोन्ही भाग धातूयुक्त असल्यामुळे अँटेनेचे शत्रू ठरतात. राहिलेली जागा म्हणजे कडेच्या वाकड्यातिकड्या सांदी. तेथे ताठ पाटी बसत नाही. म्हणून लवचीक सर्किटपट्टी उपयोगात आणतात.

या पट्टीचा पाया पॉलिइमाइड नावाच्या पिवळसर, मधाच्या रंगाच्या पातळ प्लास्टिकचा असतो. डाखकामाची उष्णताही ते सहन करते, हा त्याचा मोठा गुण. त्यावर तांब्याचा पत्रा चिकटवितात. पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. हव्या त्या नक्षीवर संरक्षक लेप देऊन उरलेले तांबे रसायनाने खाऊन टाकतात. मागे राहतात त्या तांब्याच्या रेषा, तीच अँटेना. पुष्कळदा ती आतल्या प्लास्टिकच्या कवचावर चिकटविलेली असते आणि लहान स्प्रिंगच्या टोकांनी मुख्य पाटीशी जोडलेली असते. हजारो पट्ट्यांवर नक्षी हुबेहूब एकसारखी उमटते, आणि येथे मिलिमीटराचा फरकही महत्त्वाचा असल्याने ही एकसारखी छपाई फार मोलाची ठरते.

ज्या फोनची कड धातूची असते तेथे कडच अँटेनेचे काम करते. अशा कडेवर प्लास्टिकच्या बारीक आडव्या रेघा दिसतात. त्या शोभेसाठी नसून धातूचे तुकडे एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग करण्यासाठी असतात. मुलांना त्या मोजावयास सांगावे.

फेराइट कशासाठी?

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेजवळून फुगेवाडीपर्यंत मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी हा मार्ग स्वारगेटपर्यंत पोहोचला. स्थानकावरील फाटकाला मेट्रो कार्ड टेकविले की फाटक उघडते. फोन टेकवून दुकानात पैसे देण्याची एक पद्धतही याच तत्त्वावर चालते. येथील कंप्रता १३.५६ मेगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी सुमारे २२ मीटर. पाव लांबी साडेपाच मीटर झाली, ती खिशात कशी मावावी?

ती मावविण्याचा येथे प्रयत्नच केलेला नसतो. चार सेंटिमीटर रुंद व पाच सेंटिमीटर लांब अशा चौकटीत तांब्याचे चार वेढे काढले, तर एका वेढ्याला १८ व चारांना ७२ सेंटिमीटर तार लागते. लहरीच्या तुलनेत ही तार तिसाव्या भागाएवढीच आहे. ती लहर दूर फेकीत नाही, तर आपल्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. कार्डातील वेढ्यांतून हे क्षेत्र गेले की त्यांत प्रवाह उत्पन्न होतो आणि त्या प्रवाहावरच कार्डातील सूक्ष्म चकती जागी होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखविलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. काही सेंटिमीटरांपलीकडे क्षेत्र झपाट्याने विरळ होते, म्हणूनच कार्ड टेकवावे लागते.

फोनमध्ये मात्र एक अडचण येते. वेढ्यांच्या पाठीशीच बॅटरीचे धातूचे आवरण असते. बदलते चुंबकीय क्षेत्र धातूत शिरले की तेथे भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते मूळ क्षेत्रालाच विरोध करतात. वेढे असून नसल्यासारखे होतात. यावर उपाय म्हणून वेढे आणि बॅटरी यांच्यामध्ये फेराइटचा पातळ पापुद्रा घालतात.

फेराइट ही लोहाच्या ऑक्साइडबरोबर निकेल, जस्त किंवा मँगनीज यांची ऑक्साइडे मिसळून, दाबून, भट्टीत भाजलेली चिनी मातीसारखी वस्तू होय. निसर्गातील लोहचुंबकाचा दगड हा तिचा जुना भाऊबंद. १९३० च्या सुमारास जपानमध्ये काटो व ताकेई यांनी यावर पायाभूत काम केले. फेराइटचा दुहेरी गुण असा : चुंबकीय क्षेत्राला ते सहज वाट देते, पण विजेला वाट देत नाही. त्यामुळे भोवरे उठत नाहीत. शेताच्या बांधाने पाणी जसे वळवावे, तसे ते क्षेत्राला बॅटरीकडे जाऊ न देता आपल्यातूनच वळवून बाहेर नेते. भाजलेले फेराइट ठिसूळ असते. म्हणून पापुद्र्याला आधीच बारीक चिरा पाडून तो प्लास्टिकच्या दोन थरांत धरतात. मग तोही पट्टीबरोबर वाकतो. बिनतारी चार्जिंगच्या वेढ्यांखालीही असाच थर असतो.

मग संभाषणाच्या अँटेनेतही फेराइट का घालीत नाहीत, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. ९०० मेगाहर्ट्झ व त्यापुढे नेहमीच्या फेराइटमध्ये ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाऊ लागते. जी वस्तू एका कंप्रतेला साहाय्यक ठरते तीच दुसऱ्या कंप्रतेला बाधक ठरते, हे उत्तर त्याला द्यावे.

याच फेराइटची काळी कांडी जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये तारेचे वेढे घालून बसविलेली असे. आजच्या ज्या मोटारी किल्ली खिशात असतानाच सुरू होतात, त्यांपैकी पुष्कळांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या फेराइटच्या कांड्या किल्लीचा शोध घेतात. चाकणच्या मोटारकारखान्यांत काम करणाऱ्या पालकांच्या मुलांना हे उदाहरण चटकन उमजेल.

वर्गात करावयाचे प्रयोग

१. मध्यम लहरींवरील केंद्र जेथे ऐकू येते तेथे जुना ट्रान्झिस्टर लावून तो आडवा ठेवून सावकाश फिरवावा. एका दिशेला आवाज मोठा व काटकोनात लहान होतो. कांडीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते म्हणून असे घडते.

२. फोन ॲल्युमिनियमच्या कागदात पूर्ण गुंडाळून दुसऱ्या फोनवरून घंटी द्यावी. मग कागदाला थोडी फट ठेवून पुन्हा द्यावी. फट राहिली तर लहर आत शिरू शकते, हे ध्यानी आणून द्यावे.

३. लहान पण जोरकस चुंबक तांब्याच्या नळीतून सोडावा व तेवढाच लोखंडाचा तुकडाही सोडावा. चुंबक रेंगाळत खाली येतो. नळीत उठणारे भोवरा-प्रवाह त्याला अडवितात. बॅटरीचे धातू वेढ्यांना अडविते ते याच कारणाने.

४. जुना फास्टॅग मिळाल्यास तो उजेडासमोर धरून त्यातील धातूची नक्षी पाहावी. त्याची कंप्रता ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ असते. लहरीची लांबी मुलांनी स्वतः काढावी.

कोणताही फोन मात्र वर्गात उघडू नये. फुगलेली किंवा टोचली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

शाळेच्या उपयोगाचे

पत्र्याच्या छपराखाली फोनला संदेश नीट मिळत नाहीत व ऑनलाइन माहिती भरताना शिक्षकांची धांदल उडते. पत्रा लहर परतवितो. खिडकी व दार यांतून ती आत येते. म्हणून अशा वेळी फोन खिडकीशी ठेवावा, लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा आणि त्याच्या कडा मुठीत धरू नयेत, कारण हात लहर शोषून घेतो. एवढ्या ज्ञानाने प्रत्येक अडचण दूर होईल असे नाही. तथापि दोष शिक्षकाचा, यंत्राचा की छपराचा, हे तरी कळेल.

पुणे-नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर व मंचर मागे टाकून नारायणगावास गेले असता जवळच खोडद लागते. तेथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांचे पृष्ठ अखंड पत्र्याचे नसून तारेच्या जाळीचे आहे. जाळीची भोके लहरीच्या मानाने फार लहान असल्यामुळे लहर परावर्तित होते आणि वारा मात्र आरपार जातो. आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण असते की तेथे भेट देणाऱ्यांना आपले फोन बंद ठेवण्यास सांगतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. शक्य असेल त्या शाळांनी मुलांना अवश्य न्यावे. दोऱ्याने आठ सेंटिमीटरांची तार मोजलेले मूल त्या जाळीखाली उभे राहील, तेव्हा खिशातील पट्टी आणि ही प्रचंड थाळी एकाच नियमाने बांधलेल्या आहेत, हे त्याला सांगावे लागणार नाही.